फॉरमॅट

‘शेवटचं विचारतो, मॅडम,’
अझीम म्हणाला, बोट एन्टरवर ठेवून,
‘सी ड्राइव्हमधलं काही राहिलं का?’
असं कुणी विचारलं की मला
घरचा गॅस बंद केला होता का, तेही आठवत नाही.

उदगीर, स्टेशन रोड, दुसरा गाळा.
‘संगम डीटीपी’. संगम कशाचा,
ते हुडगेसाहेबांनाच ठाऊक.
ते दिवाळीत पोराकडे पुण्याला गेले ते गेलेच;
झेरॉक्स, हा संगणक आणि तीन थकलेली बिलं
माझ्या हवाली करून.

दोन दिवस नुसती कॉपी चालली होती.
त्रेचाळीस जीबी.
हिरवी पट्टी आधी म्हणायची सात मिनिटं,
मग म्हणायची चार तास,
मग लाईट जायची
आणि तिचं म्हणणंच संपायचं.

लग्नांच्या फोल्डरात काय नव्हतं.
फायनल. फायनल नवीन. फायनल खरं.
खरं फायनल आत्याचं नाव घालून.
केंद्र्यांच्या तिघी बहिणींची एकच फाईल,
फक्त नवरदेव खोडत गेलो.
एक पत्रिका कधी छापलीच नाही,
पाचशेचा अॅडव्हान्स मागायलाही कुणी आलं नाही.
तीही घेतली. हार्ड डिस्कला कसलं ओझं?

दशक्रियेचं फोल्डर वेगळं.
काळी चौकट तयार,
फोटोची जागा मोकळी.
तेही घेतलं.
‘इत्ता सब क्या करते, मॅडम?’
मी म्हटलं, दाब.

त्याने दाबलं.

बावीस मिनिटांत चहा झाला, भजी झाली,
आणि समोर निळा पडदा,
त्यावर एकच चित्र : कचरापेटी. रिकामी.
इतक्या वर्षांत ती रिकामी मी पहिल्यांदा बघितली.
कोपऱ्यातलं घड्याळ म्हणालं,
एक जानेवारी दोन हजार नऊ.
‘आतला सेल गेलाय,’ अझीम.
त्या तारखेला मी
चाळीसच्या स्पीडला दुसऱ्यांदा नापास झालेली.

पहिली फाईल उघडली.
चि. सौ. कां.च्या जागी
डॉलर, टक्का, दोन कंस
आणि एक उलटं प्रश्नचिन्ह.
फॉन्ट!
फॉन्ट सी ड्राइव्हमध्येच होता.
अझीमने डोक्याला हात लावला,
मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मग स्कूटी काढली, नळेगाव रोड,
‘प्रतिमा ऑफसेट’चा गुरुनाथ.
हाच फॉन्ट त्याने एकदा
आमच्याकडून सीडीवर गुपचूप नेला होता,
म्हणून हुडगेसाहेब सात वर्षं त्याच्याशी बोलत नव्हते.
पेनड्राइव्ह हातावर ठेवत तो हसला :
‘चोरलं म्हणून वाचलं बघा.’
सोबत एक व्हायरसही दिला,
आहेर म्हणून.

अक्षरं परत आली. पण नवी पत्रिका
नव्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायला घेतली
तर त्याने सगळ्या तालुक्याखाली
लाल रेघ मारली.
तोंडार चूक. वाढवणा चूक.
हंडरगुळी चूक, देवर्जन चूक.
जुन्याला ही गावं मी एकेक करून शिकवली होती,
कुठे ठेवली होती त्याने, कुणास ठाऊक,
कॉपीत आली नाहीत.
हेरला तेवढी रेघ नाही.
त्याला वाटलं असेल, मी गुप्तहेराबद्दल लिहितेय.

डोंगरशेळकीचं पोरगं समोर स्टुलावर बसलेलं,
बहिणीचं लग्न, निमंत्रकांची बावन्न नावं.
एकोणपन्नास लाल.
माझी बोटं अजून जुन्या कळांवर जातात,
‘ळ’ मागितला की भलतंच काही देतात.
पोरगं मान पुढे काढून बघतं,
‘ताई, लईच चुकलंय का काय?’
‘चुकलं नाही. हा नवीन आहे,
ह्याची अजून कुणाशी ओळख नाही.’
‘बरं,’ तो म्हणतो,
‘मग मामाचं नाव आधी शिकवा त्याला.
मामा लगेच रुसतेत.’